उठबस

खिडकीपलीकडच्या कारकुनानं थोरलीच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या धाकट्याला दिलं. हिसकावलं वगैरे नाही. लहान पोरीच्या हातातली कात्री जशी हळूच सोडवून घ्यावी तसं सोडवून घेतलं. वर "एक मिनिट हं ताई" असंही म्हणाला. मग धाकट्याकडे बघून, "तुम्ही मुलगा ना पेशंटचे? मग तुम्हीच करून टाका. घरातल्या कर्त्या माणसाची सही असली की पुढे कुणी काही विचारत नाही." थोरलीनं तोवर आपल्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं होतं, काना द्यायचा तेवढा राहिला होता. कारकुनानं त्या अर्धवट अक्षरावर एक आडवी रेघ मारली, रेघेशेजारी स्वतःची बारीक सही केली, कारण खाडाखोड झाली की तिथं सही करायचा नियम होता, आणि फॉर्म धाकट्यापुढे सरकवला. धाकट्याची सही मोठी, ऐसपैस. ती चौकोनात मावली नाही. तिची शेपटी खाली 'रुग्णाशी नाते' असं छापलं होतं त्यावर जाऊन पडली. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. मागे रांग होती, एका बाईच्या कडेवरचं मूल किरकिरत होतं, आणि कुणाचंच इकडे लक्ष नव्हतं.

तिला राग आला असं म्हणता येणार नाही. राग तिच्या ओळखीचा होता, तो छातीत यायचा आणि पाणी प्यायलं की उतरायचा. हे बोटांत आलं. अंगठा आणि पहिली दोन बोटं अजून पेन धरल्यासारखी एकत्र होती आणि ती सोडावीत की तशीच ठेवावीत हे तिला काही केल्या ठरवता येईना. शेवटी तिनं त्या हातानं फाईल उचलली, काखेत धरली आणि कारकुनाला विचारलं, "आता हे कुठं द्यायचं?" कारकुनानं ते मात्र तिलाच नीट समजावून सांगितलं. तीन नंबरच्या खोलीत एक प्रत, रक्तपेढीत एक, वरच्या मजल्यावर नर्सकडे एक. या जिन्यावरून त्या जिन्यावर जायचं ते काम तिचं, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. तिच्याही नव्हती. ती चालूही लागली होती.

थोरली बावन्न वर्षांची होती आणि गेली जवळजवळ तीस वर्षं दात बनवत होती. कुलपांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची प्रयोगशाळा. शहरातले दंतवैद्य तिथं रोग्यांच्या जबड्यांचे साचे पाठवत आणि त्यावरून कवळ्या, दातांवरच्या टोप्या, पडलेल्या दाताच्या जागी बसणारे पूल तयार होऊन परत जात. प्लास्टरची भुकटी, वितळलेल्या मेणाचा वास, घासणाऱ्या यंत्राची दिवसभर चालणारी सुईसारखी किरकिर. लोकांचे चेहरे तिला कधी दिसत नसत, पण जबडा बघून ती माणूस सांगू शके: हा झोपेत दात खातो, ही एकाच बाजूनं चावते, या म्हाताऱ्याला हसायची सवय नाही. पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा तिला नमुन्याची पट्टी न बघता ओळखता येत. म्हातारा मालक नेहमीचा एक विनोद करायचा. "लोक एकमेकांवर दात धरतात, आपण निदान तो नीट बसवून तरी देतो." त्याचा हात आता कापायला लागला होता. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं तिला समोर बसवून सांगितलं होतं की पुढल्या महिन्यापासून ही जागा तिनं चालवायची, तो फक्त येऊन खुर्चीत बसेल आणि चुका काढेल. ती "बघते" म्हणाली होती. बघण्यासारखं काही नव्हतं, तिला ते हवं होतं, इतकं हवं होतं की त्या दिवशी घरी जाताना तिचा उतरायचा थांबा चुकला. पण घरी तिनं कुणाला सांगितलं नाही. या घरात तिची चांगली बातमी कुणी वाईट म्हणत नसे, फक्त ती टेबलावर ठेवली की जेवणाच्या भांड्यांखाली जाई. आणि मग आईच्या पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, आतड्यात गाठ निघाली, आणि ती बातमी सांगायची वेळच राहिली नाही.

वरच्या मजल्याच्या वऱ्हांड्यात धाकटा तिची वाट बघत होता. सत्तेचाळीस वर्षांचा, पाच तासांच्या अंतरावरच्या शहरात लिफ्ट विकणाऱ्या कंपनीत साहेब. डोळे लाल झालेले. आईचं नाव काढलं की तो खरोखर रडायचा, त्यात खोटं काही नव्हतं. "ताई, एक बोलायचं होतं," तो म्हणाला. "बाहेर बोललेलं बरं, आईसमोर नको. त्या सर्जनबाई म्हणाल्या ना, गाठ काढली की पोटावर पिशवी लावावी लागणार. कायमची. ती बदलायची, धुवायची, कातडीला मलम लावायचं, तिच्या खाण्यापिण्याचं पथ्य. दिवसभर माणूस लागणार. तू आता ते दातांचं बंदच कर ना. निदान सहा महिने." मग समजूतदारपणे, "तसंही तू किती वर्षं त्या धुळीत बसणार? मी दर पंधरा दिवसांनी येत जाईन. शेवटी हे बाईमाणसाचं काम आहे, मला काय त्यातलं कळतंय?" थोरलीनं फाईल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "कळतंय," ती म्हणाली, आणि ते कशाला म्हणाली ते तिलाही कळलं नाही. धाकट्यानं ते होकार म्हणून घेतलं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू आहेस म्हणून आम्ही आहोत," तो म्हणाला. तो खाली चहा प्यायला गेला आणि ती खिडकीशी उभी राहिली. सही त्याची, उठबस हिची. इतकं सरळ वाक्य होतं ते. शाळेत व्याकरणाच्या बाई फळ्यावर वाक्य लिहून विचारायच्या, कर्ता शोधा. क्रियापदाला 'कोण' विचारा, जे उत्तर येईल तो कर्ता. धुणारी कोण, उचलणारी कोण, रात्रभर जागणारी कोण? उत्तर दरवेळी एकच येत होतं, तरी खाली कारकुनाच्या खिडकीवर मात्र कर्ता दुसराच निघाला होता.

हे आज झालं असंही नव्हतं. ती तेवीस वर्षांची असताना वडिलांना झटका आला आणि त्यांची एक बाजू गेली. सहा वर्षं ते अंथरुणावर होते. तेव्हा धाकटा शाळा संपवून इंजिनिअरिंगला गेला, वसतिगृहात राहिला, आणि थोरली दात बनवायला लागली, कारण त्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिनं नुकताच संपवला होता आणि काम घरापासून जवळ मिळालं होतं. सकाळी वडिलांना पुसायचं, कूस वळवायची, भरवायचं, मग कामाला, दुपारी धावत येऊन एकदा बघायचं, पुन्हा कामाला. बघायला येणाऱ्यांना वडील त्यांच्या अर्ध्या तोंडानं सांगायचे, "ही माझी मुलगी नाही, मुलगाच आहे." आणि तिला काय वाटायचं? अभिमान वाटायचा. ते तिला आज आठवलं आणि तेच सगळ्यात जास्त टोचलं. पदक मिळाल्यासारखी ती ते वाक्य घेऊन स्वयंपाकघरात जायची. बदलीचा हुकूम रंगीत कागदात गुंडाळून दिला होता, हे कळायला तिला फार वर्षं लागली. मुलाचं काम मिळालं, मुलाची जागा नाही. वडील गेले तेव्हा धाकटा दोन दिवस आधी आला होता. भेटायला येणारी माणसं त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होती, आता तूच घरातला मोठा. चोवीस वर्षांचा, ओठ थरथरत असलेला तो मुलगा भिंतीला टेकून उभा होता आणि त्याला मोठं केलं जात होतं. थोरली आत त्या सगळ्यांचा चहा करत होती. दूध कमी पडलं म्हणून शेजारून मागून आणलं, एवढंच तिला त्या दिवसातलं स्पष्ट आठवत होतं.

वडील अंथरुणावर होते त्या वर्षांत एक माणूस होता. नकाशे काढणाऱ्या कचेरीत काम करायचा, शांत, स्वच्छ नखांचा. दोन वर्षं तो थांबला. मग एका संध्याकाळी बसथांब्यावर म्हणाला, "लग्नानंतरही तू वडिलांकडे जात जा, कामही कर, माझी काही हरकत नाही." बोलताना तो मनापासून बोलत होता, चेहऱ्यावर देणाऱ्याचं समाधान होतं. थोरलीनं नाही सांगितलं. पुढे सगळ्या नात्यागोत्यात पसरलं की पोरीनं बापासाठी संसारावर पाणी सोडलं. मावश्या डोळे पुसत तिचं उदाहरण द्यायच्या. खरं तर तिनं बापासाठी काही सोडलं नव्हतं. तिला तो 'हरकत नाही' हा शब्द खटकला होता, आणि एकदा खटकल्यावर निघेना. पण हे कुणाला सांगणार? एका शब्दासाठी लग्न मोडलं म्हटलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. त्यागाचं बरं होतं, त्याला सगळे मान डोलवत. मग तीही डोलवू लागली.

आई खाटेवर टेकून बसली होती आणि वर्तमानपत्र वाचत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अंगानं काटकुळी, पण चष्म्यामागचे डोळे जागे. ती वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, पूल बांधायच्या निविदासुद्धा. थोरली आत आली तशी तिनं घडी घातली. "काय गं, कुठं होतीस इतका वेळ?"

"खाली. कागदपत्रं होती."

"कसले कागद?"

"ऑपरेशनचे."

"कुणाच्या ऑपरेशनचे?"

थोरलीला आधी वाटलं आई विसरली. मग आईच्या तोंडाकडे बघितल्यावर कळलं की तसं काही नाही. "तुझ्याच, आई," ती म्हणाली.

"असं होय," आई म्हणाली. "माझं ऑपरेशन आहे. चार दिवस झाले, मी इथं पडलेय. तुम्ही दोघं त्या दाराबाहेर उभे राहून कुजबुजता, ती डॉक्टरीण येते, माझं पोट दाबते आणि बोलायला बाहेर जाते. मला वाटलं, पोट माझं आहे तर कधी ना कधी माझ्यापर्यंत येईल." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "कुणी सही केली?"

"धाकट्यानं. मी करत होते, पण मला करू दिली नाही. पेन काढून घेतलं हातातलं." हे सांगताना तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला, आणि आई आता आपली बाजू घेईल म्हणून ती थांबली.

आईनं चष्मा लावला. "आणि काढून घेतलं नसतं तर केली असतीस?"

बाजूच्या खाटेवरच्या बाईच्या सलाईनचा थेंब पडत होता, तो थोरलीनं मोजला, अकरापर्यंत. केली असती. नक्की केली असती, पहिलं अक्षर लिहिलंच होतं. जिना उतरून खाली जाताना, रांगेत उभं राहताना, फॉर्म वाचताना एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की वर खाटेवर एक बाई शुद्धीत बसली आहे आणि तिला लिहिता येतं. तिचं दुखणं एवढंच होतं की आईच्या वतीनं ठरवायचा हक्क तिचा होता आणि तो तिच्या धाकट्या भावाला मिळाला. ती आणि कारकून एकाच खिडकीच्या दोन बाजूंना होते, बस. नऊ वर्षं आईच्या गोळ्या ती ठरवत होती, डॉक्टर ती ठरवत होती, किती वाजता झोपायचं, कुणाच्या घरी जायचं, जिना चढायचा की नाही. "आईला त्रास नको" असं म्हणत म्हणत तिनं आईचा एकेक निर्णय काढून घेतला होता. हिसकावला नव्हता, हळूच सोडवून घेतला होता. ती खाटेच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "हो. केली असती."

"मग झालं तर," आई म्हणाली. रागावलेली दिसत नव्हती. "मी आयुष्यभर तुम्हाला सगळ्यांना विचारलं, जेवायला काय करू. रोज दोनदा. मला कुणी विचारलं ते बहुतेक आठवतच नाही. आता त्या डॉक्टरणीला बोलाव. आणि इथं बोलायला सांग, बाहेर नाही."

सर्जनबाई दुपारी आल्या. चाळिशीच्या, उंच, घाईतल्या. तोवर धाकटाही वर आला होता. बाईंनी सवयीनं त्याच्याकडे बघून बोलायला सुरुवात केली, तेव्हा आईनं वर्तमानपत्राच्या गुंडाळीनं खाटेच्या दांडीवर ठकठक केलं. "बाई, इकडे. गाठ इकडे आहे." बाजूच्या खाटेवरची बाई फिस्सकन हसली. सर्जनबाईंनी स्टूल ओढलं आणि त्या आईच्या समोर बसल्या. आई कापड घेताना वीण बघावी तशी एकेक गोष्ट उलटीपालटी करून विचारत होती. गाठ केवढी आहे? लिंबाएवढी की संत्र्याएवढी? नाही काढली तर किती दिवस? ते दिवस कसे जातील, चालता येईल का? काढली तर टेबलावरच जाणारी माणसं शंभरात किती? पिशवी कुठं लावणार, उजवीकडे की डावीकडे, तिला वास येतो का, बस प्रवास करता येतो का, कुशीवर झोपता येतं का? थोरलीनं आणि धाकट्यानं मिळून गेल्या चार दिवसांत यातले अर्धेदेखील प्रश्न विचारले नव्हते. त्यांनी फक्त विचारलं होतं, धोका आहे का. सर्जनबाईंनी सगळ्याची उत्तरं दिली, एका कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं, आणि शेवटी म्हणाल्या, "आजी, तुम्ही घाबराल म्हणून मी तुमच्याशी बोलले नव्हते. चुकलं माझं."

"घाबरणारच की," आई म्हणाली. "पण ते घाबरणं तरी माझं मला राहू द्या. तो फॉर्म आणा बघू."

फॉर्म आला. आईनं तो वर्तमानपत्रासारखाच वाचला, छापील ओळ न ओळ, मधे मधे "हं" करत. खाली धाकट्याच्या मोठ्या सहीच्या वर एक चौकोन रिकामा होता. त्याच्याखाली बारीक टायपात लिहिलं होतं, 'रुग्णाची सही (रुग्ण सक्षम असल्यास)'. आईनं ते मोठ्यानं वाचलं आणि दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. धाकटा बुटांच्या टोकांकडे बघू लागला. "उद्या सकाळी सांगते," ती म्हणाली आणि फॉर्म उशीखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गेले तेव्हा आईनं केस विंचरले होते आणि सही केलेली होती. गोल, सावकाश काढलेली अक्षरं, नुसतं स्वतःचं नाव, पुढे मागे काही नाही. "करायचं ऑपरेशन," ती म्हणाली. "मला अजून जगायचंय. कशासाठी ते विचारू नका, ते माझं मी बघेन." धाकट्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि तिचे पाय धरले. ती म्हणाली, "थांब, माझं संपलेलं नाही. मी माझ्याच घरी राहणार. आणि हिनं काम सोडायचं नाही."

"मी सोडणार होते कुठं?" थोरली म्हणाली.

"सोडणार होतीस. काल तुझ्या तोंडावर दिसत होतं. तुझ्या मालकानं परवा मला फोन केला होता, तब्येत विचारायला. तो बोलून गेला. तू मला सांगितलं नाहीस ते नाहीसच." थोरलीचे कान तापले. आई धाकट्याकडे वळली. "पहिले तीन आठवडे तू यायचंस. पुढे आपण बाई ठेवू. नर्स मला म्हणाली, अशा बायका मिळतात."

"आई, मला एवढी रजा मिळणार नाही."

"मागितलीस?"

धाकटा म्हणाला, "रजेचं नाही गं एवढं. पण ते पिशवीचं वगैरे... मला कसं जमेल? तुलाच अवघड वाटेल. ते बाईमाणसाचं..."

"पिशवी काय बाईमाणसाची असते?" आई म्हणाली. "तुझ्या बाबांना हिनं सहा वर्षं पुसलं, धुतलं. तेवीस वर्षांची पोर. तेव्हा नाही कुणी म्हणालं, हे पुरुषमाणसाचं काम आहे, मुलाला वसतिगृहातून बोलवा." दाराबाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं, ते लांब जाईपर्यंत ती थांबली. "म्हणजे, म्हणाले होते. तुझे बाबाच म्हणाले होते. त्यांना हिच्यासमोर उघडं व्हायची लाज वाटायची, रडायचे. ते म्हणाले, एक वर्ष त्याला बोलाव, पुन्हा जाईल शिकायला. मीच नाही म्हटलं. मी म्हटलं, त्याचं वर्ष बुडेल. हिचं काय बुडतंय असं मला वाटलंच नाही." ती थोरलीकडे बघत नव्हती. "चुकलं माझं ते. तेव्हाच चुकलं. सांगायचं राहून गेलं."

थोरलीनं काय करावं? तीस वर्षं तिनं एक चित्र मनात टांगून ठेवलं होतं, त्यात वडील आज्ञा देत होते आणि आई बिचारी पदर चाचपत कोपऱ्यात उभी होती. त्या चित्रातल्या वडिलांवर तिनं मनातल्या मनात किती वर्षं राग काढला होता, आणि ते अंथरुणावर पडून मुलीसमोर उघडं व्हायच्या लाजेनं रडत होते. ती त्यांना कूस वळवताना ते डोळे मिटून घ्यायचे, ते दुखतंय म्हणून नव्हतं तर. तिला एकाएकी त्यांचा जड, कोमट खांदा आठवला, त्यावरचा पावडरचा वास आठवला. आणि ही समोरची काटकुळी बाई, जिच्यासाठी ती काल स्वतःला दोष देत होती, तिनं एका वाक्यात थोरलीची सहा वर्षं दुसऱ्याच्या एका वर्षापेक्षा हलकी ठरवली होती. आईवर ओरडावंसं तिला वाटलं. आईच्या मांडीवर डोकं ठेवावंसंही वाटलं. यातलं एकही तिनं केलं नाही. "आता सांगितलंस ना," ती म्हणाली. आवाज कोरडा निघाला. आईनं मान हलवली. यापेक्षा जास्त माफी दोघींपैकी कुणाला मागता आली नसती आणि देताही. धाकटा मात्र पांढराफटक पडला होता. ते वर्ष आपल्याला कुठून मिळालं, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. आपोआप मिळालेल्या गोष्टींचा पत्ता कुणी विचारत नाही. तो बाहेर गेला. अर्ध्या तासानं परत आला आणि म्हणाला, "तीन आठवड्यांची रजा मिळाली." कुणी शाबासकी दिली नाही. त्यानंही वाट बघितली नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

ऑपरेशन साडेचार तास चाललं आणि नीट झालं. बाराव्या दिवशी आई घरी आली. पिशवी कशी बदलायची ते नर्सनं धाकट्याला तीनदा करून दाखवलं होतं. पहिल्यांदा त्यानं तोंड फिरवलं, दुसऱ्यांदा पिशवी उलटी धरली, तिसऱ्यांदा त्यानं वहीत आकृती काढून घेतली. थोरलीनं मालकाला हो सांगितलं. सकाळी नऊला ती डबा घेऊन बाहेर पडायची. पहिल्या दिवशी जिना उतरताना तिला चोरी करून चालल्यासारखं वाटलं. शेजारीण दारात उभी होती. "हे काय, आईला टाकून कामाला?" म्हणाली. "टाकलेलं नाही," थोरली म्हणाली, "भावाकडे दिलंय." पण हे म्हणणं सोपं होतं. दिवसभर खुर्चीत बसणं तेवढं सोपं नव्हतं. घासणारं यंत्र चालू असताना तिला फोन वाजल्याचे भास व्हायचे. मेण वितळत असे आणि तिचं लक्ष घड्याळाकडे. आता पिशवीची वेळ झाली, आता सूप द्यायला हवं, तो जास्त गरम देईल. तिला कुणी अडवलं नव्हतं, कुणी बोलावलंही नव्हतं, तरी पाय घराकडे ओढत होते, आणि ही माया आहे की नुसती सवय, हे तिला सांगता येईना.

चौथ्या दिवशी फोन खरंच आला. सकाळचे अकरा. तिच्यासमोर एका गाणं शिकवणाऱ्या बाईचा पुढचा दात होता. तीन वाजेपर्यंत द्यायचा होता, कारण संध्याकाळी त्या बाईला लोकांसमोर तोंड उघडायचं होतं. "ताई," धाकटा म्हणाला, त्याचा श्वास लागला होता, "पिशवी सुटली. चादर भरली. आई ओरडतेय. मी काय करू? तू येतेस का?" ती उठली होती. पर्स खांद्यावर आली होती आणि दाराची कडी हातात होती, हे तिला नंतर कळलं. खुर्चीतल्या म्हाताऱ्या मालकानं वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. बसनं वीस मिनिटं, रिक्षानं बारा. बारा मिनिटांत ती तिथं असती, बाह्या सरसावल्या असत्या, "हो बाजूला" म्हणाली असती, आणि तो बाजूला झाला असता. कायमचा. हे तिला इतकं लख्ख दिसलं की तिचे पाय जागच्या जागी उभे राहिले. पलीकडून आईचा आवाज येत होता, काहीतरी टॉवेलबद्दल. त्या आवाजात दुखणं नव्हतं, चिडचिड होती.

"आधी हात धू," थोरली म्हणाली. "मग कोमट पाण्यानं तिची कातडी पूस, चोळू नकोस. कोरडी कर. नवीन पिशवी घे. पाकिटावर लिहिलंय सगळं, ते वाच. तुझी वही काढ."

"तू येत नाहीयेस?"

"नाही."

तिनं फोन ठेवला आणि पर्स काढून खुंटीला लावली. खुर्चीत बसली. ब्रश उचलला, रंग घेतला आणि लावला नाही. दहा मिनिटं झाली. मालकानं एकदा उठून तिच्यासमोर पाण्याचा ग्लास आणून ठेवला, निम्मं पाणी वाटेत सांडत. पंधरा मिनिटं झाली. तिला आई मेलेली दिसली, धाकटा रडताना दिसला, शेजारीण दिसली. वीस मिनिटांनी फोन वाजला.

"झालं," धाकटा म्हणाला. आवाजावरून तो जमिनीवर बसलेला वाटत होता. "चादर पण बदलली. पण आई म्हणते, वाकडी बसलीय."

"गळतेय का?"

"नाही."

"मग राहू दे वाकडी," थोरली म्हणाली.